आठवी आज्ञा की नववी?



काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका लहान मंडळीत रविवारच्या उपासनेत बोलण्याची पाळी माझ्यावर आली. आठवडा धावपळीत गेला होता आणि तयारी झाली नव्हती. घरी जुन्या उपदेशांचे एक पुस्तक होते. त्यातला एक उपदेश मी शनिवारी रात्री दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ जसाच्या तसा सांगितला. उपासना संपल्यावर एक वृद्ध आजी दाराशी थांबल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाळा, तुला हे सगळं सुचतं तरी कसं रे?" मी नुसता हसलो. बोललो काहीच नाही.

त्या न बोलण्याने पुढे पुष्कळ दिवस मला टोचणी लावली. उपदेश काही खोटा नव्हता. ज्या सद्गृहस्थांनी तो लिहिला त्यांनी तो लोकांच्या कानी जावा म्हणूनच छापला होता. ऐकणाऱ्यांचे त्यातून भलेच झाले. मग चुकले कोठे? दुसऱ्याचे घेतले म्हणून आठवी आज्ञा मोडली, की ते माझेच आहे असे आजींना वाटू दिले म्हणून नववी? चोरी झाली की खोटी साक्ष?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही आणि आजचाही नाही. एका माणसाने काढलेले चित्र दुसऱ्याच्या हाताने शेकडो घरांत पोहोचू लागले, तेव्हा तो फार तीव्रतेने पुढे आला. हे इटलीत सुमारे १४६० ते १५३० या काळात घडले. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे घेण्याची कला तेव्हा तेथे वाढीस लागत होती. त्या सत्तर वर्षांत सोनार, चित्रकार आणि विक्रेते यांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली. ती आपण एकेक करून पाहू.

सोनाराच्या दुकानात

आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालून देणारा कारागीर सर्वांनी पाहिलेला असतो. जुन्या राजांची दानपत्रे ताम्रपटांवर कोरलेली असत, हेही आपल्याला ठाऊक आहे. परंतु भांडे किंवा ताम्रपट वाचायचा तो त्या धातूवरच. त्या कोरीव रेघांत शाई भरली आणि वर कागद दाबला, तर तेच अक्षर कागदावर उलटे उमटेल. या एका गोष्टीत पुढची सारी कला सामावलेली आहे.

फ्लॉरेन्स शहरातील सोनार चांदीच्या पत्र्यावर बारीक चित्रे कोरीत आणि त्या रेघांत गंधक, शिसे, तांबे व चांदी यांचे काळे मिश्रण तापवून भरीत. या कामाला नीएलो म्हणतात. रोमन कॅथोलिक उपासनेत शांतीचे चुंबन म्हणून एक लहान फलक भक्तांपुढे फिरवला जाई. असे फलक पुष्कळदा याच पद्धतीने सजवीत. यात एक अडचण होती. काळे मिश्रण एकदा भरले की रेघेत दुरुस्ती करता येत नसे. म्हणून ते भरण्यापूर्वी सोनार आपले काम तपासून पाही. मातीवर ठसा घ्यायचा, त्यावर वितळलेले गंधक ओतायचे आणि गंधकाच्या त्या साच्यात काजळी भरून चित्र कसे दिसते ते पाहायचे.

चित्रकारांची चरित्रे लिहिणारा जॉर्जो वासारी सांगतो, की मासो फिनिग्वेरा (१४२६–१४६४) हा फ्लॉरेन्सचा सोनार असे करता करता पुढे गेला. ओलसर कागद ठेवून वरून रूळ फिरवला, तर कागदावरही चित्र उमटते हे त्याला दिसून आले आणि ही कला तेथे जन्मली. वासारीच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १५५० साली निघाली. तीत त्याने या शोधाचे श्रेय आन्द्रेआ मान्तेन्या या चित्रकाराला दिले होते. १५६८ च्या आवृत्तीत त्याने ते बदलून फिनिग्वेराला दिले. आज आपल्याला ठाऊक आहे, की दोन्ही विधाने टिकणारी नाहीत. जर्मन भाषक प्रदेशात अशी चित्रे त्यापूर्वीच छापली जात होती, आणि १४४६ हे साल कोरलेला एक जर्मन ठसा आजही अस्तित्वात आहे. म्हणजे ही कला कोणाची या प्रश्नाचा इतिहासच चुकलेल्या श्रेयाने सुरू होतो. तरीही वासारीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण श्रेय चुकीच्या माणसाला दिले असे वाटताच त्याने छापील ग्रंथात ते बदलले. इतके करायलाही थोडे धैर्य लागते.

नाव नसलेले हात

आरंभीच्या फ्लॉरेन्सी ठशांत दोन रीती दिसतात. १४६० ते १४८० च्या सुमारास चालू असलेली एक रीत बारीक रेघांची. सोनाराच्या सवयीने जवळजवळ कोरलेल्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी त्यात छाया दाखवलेली असते. दुसरी रीत १४७० नंतरची, रुंद रेघांची. तीत चित्रकार लेखणीने जशा समांतर रेघा ओढतो तशा तांब्यात ओढलेल्या असतात. या दोन्ही रीतींतील बहुतेक चित्रांवर कोणाचेच नाव नाही. संदेष्टे, प्रभूच्या जीवनातील प्रसंग, ग्रहांची चित्रे, डबीच्या झाकणावर चिकटवण्यासाठी केलेली प्रेमिकांची चित्रे, असे नाना प्रकार त्यांत आहेत. कारागिरांनी ती कोरली, विकली आणि ते विसरले गेले.

या मंडळींपैकी बाच्चो बाल्दिनी या सोनाराचे नाव तेवढे वासारीने टिकवले, पण तेही कमीपणा देऊन. याला स्वतःची कल्पना नव्हती, जे केले ते सारे बोत्तिचेल्लीच्या रेखाटनांवरून, असे तो म्हणतो. १४८१ साली फ्लॉरेन्समध्ये दान्तेच्या महाकाव्याची एक मोठी आवृत्ती लान्दिनोच्या टीकेसह छापली गेली, तिच्या चित्रांकडे वासारीचा रोख आहे. छापणारा निकोलाउस हा जर्मन होता. त्यानेच १४७७ साली एका भक्तिपर ग्रंथात तीन ताम्रचित्रे घालून पाहिली होती. दान्तेच्या पुस्तकात प्रत्येक सर्गाच्या आरंभी चित्रासाठी जागा सोडली होती. प्रत्यक्षात एकोणीसच चित्रे झाली. बहुतेक प्रतींत पहिली दोन-तीनच पानावर छापलेली आहेत, बाकीची कोठे कोठे वेगळ्या कागदावर छापून चिकटवलेली आहेत, आणि पुष्कळ जागा तशाच कोऱ्या राहिल्या.

असे का झाले? छपाईच्या खिळ्याला शाई लागते ती त्याच्या उंच भागाला. तांब्याच्या पत्र्यात ती खोल रेघांत भरायची असते. वरचा भाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद इतक्या जोराने दाबायचा, की तो रेघेत उतरून शाई उचलून घेईल. एकाच पानावर दोन्ही हवे असेल तर ते पान दोन निरनिराळ्या यंत्रांतून काढावे लागे, आणि चित्र नेमक्या जागी बसणे अवघड होई. ज्या बाल्दिनीला कल्पनाशून्य म्हटले गेले, त्याला ही सारी झटापट करावी लागली असणार. दुसऱ्याची रेघ धातूत उतरवणे म्हणजे नुसते गिरवणे नव्हे. कोरणी तळहाताने पुढे रेटायची असते. वळण घ्यायचे तर हाताऐवजी पत्रा फिरवायचा असतो, आणि एकदा तांबे निघाले की ते परत बसवता येत नाही.

या नाव नसलेल्या लोकांकडून मला एक भेद शिकायला मिळाला. माणसाने स्वतःचे नाव लपवले तर त्याला नम्रता म्हणता येईल. दुसऱ्याचे नाव लपवले तर त्याला नम्रता म्हणता येत नाही. त्या कारागिरांनी आपले नाव घातले नाही हे खरे, पण दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालून त्यांनी कोणाला फसवलेही नाही.

मालकीची राखण

याच काळात फ्लॉरेन्सचाच आन्तोनियो पोलायुओलो याने एक मोठा पत्रा कोरला. दहा नग्न पुरुष तलवारी, कुऱ्हाडी व धनुष्ये घेऊन झुंजत आहेत असे ते चित्र आहे. त्याची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर आहे. डाव्या बाजूच्या झाडाला एक पाटी टांगलेली दाखवली आहे, आणि तीवर हे फ्लॉरेन्सच्या आन्तोनियो पोलायुओलोचे काम होय असे लॅटिनमध्ये कोरले आहे. इटलीच्या ताम्रचित्रांत कलावंताने आपले पूर्ण नाव घातल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. कारागिराची वस्तू आता एका माणसाची कृती झाली.

नाव आले की नावाची राखणही आली. मान्तुआ येथील राजदरबाराचा चित्रकार आन्द्रेआ मान्तेन्या (१४३१–१५०६) याच्या बाबतीत ते स्पष्ट दिसते. १४७५ साली त्याने जान मार्को काव्हाल्ली या तरुण सोनाराशी एक करार केला. मान्तेन्याने रेखाटने द्यावी, काव्हाल्लीने ती कोरावी आणि ती दुसऱ्या कोणाला दाखवू नयेत, असा त्याचा आशय होता. हा कागद मान्तुआच्या दप्तरात सापडून एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला. ज्या चित्रांना शतकानुशतके मान्तेन्याच्या हातचे म्हटले गेले, त्यांतली काही तरी काव्हाल्लीच्या हातची असावीत असे त्यामुळे पुष्कळ अभ्यासकांना वाटू लागले आहे. श्रेयाचा हिशेब साडेपाचशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात सिमोने दी आर्दित्सोने या कारागिराने मान्तुआचा अधिपती लोदोव्हिको गोन्झागा याला एक फिर्यादीचे पत्र लिहिले. आपण मान्तुआला आलो तेव्हा मान्तेन्याने आपल्याला कामाचे आमिष दाखवले, असे तो सांगतो. परंतु झोआन आन्द्रेआ या जुन्या स्नेह्याची छापील चित्रे, रेखाटने व पदके चोरीला गेली होती. त्याची दया येऊन सुमारे चार महिने आपण ती चित्रे त्याला पुन्हा कोरून दिली. हे कळताच मान्तेन्याने धमक्या दिल्या, एका संध्याकाळी दहाहून अधिक हत्यारबंद माणसे दोघांवर धावून आली, आणि पुढे आपल्यावर एक भयंकर खोटा आरोपही रचण्यात आला, म्हणून आपण शहर सोडून पळालो. ही एकाच बाजूची फिर्याद आहे हे आपण विसरू नये. पण ती वाचताना मन चरकते. कोरली जात होती ती चित्रे मान्तेन्याच्याच रचनांची असावीत, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर त्याला राग येणे स्वाभाविक होते. आपल्या कष्टाचे फळ दुसरा घेऊन जातो हे पाहून कोणाला राग येणार नाही? परंतु पत्रातली हकीकत खरी असेल, तर आठव्या आज्ञेच्या राखणीसाठी त्याने मारामारी केली आणि नववी आज्ञा स्वतःच मोडली. माणूस आपल्या हक्काच्या वस्तूचे रक्षण करतानाही पापात पडू शकतो.

व्हेनिस आणि न्यूरेंबर्ग

आता या कथेतल्या सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे येऊ. बोलोन्याजवळचा मार्कान्तोनियो राइमोंदी हाही मुळात फ्रान्चेस्को फ्रान्चा या सोनार-चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला. १५०६ च्या सुमारास तो व्हेनिसला गेला. तेथे न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर याने लाकडावर कोरलेली चित्रे विक्रीला आली होती. ती पाहून मार्कान्तोनियो थक्क झाला. ड्यूररच्या 'मरियेचे जीवन' या मालिकेतील सतरा चित्रांच्या हुबेहूब नकला त्याने तांब्यावर कोरल्या. लाकडी ठशाची जाड, फुगीर रेघ तांब्यात आणणे हेच मोठे कौशल्य होते. पण चित्राबरोबर ड्यूररची खूणही त्याने जशीच्या तशी कोरली. नावाच्या आद्याक्षरांची ती खूण सर्व युरोपात ओळखली जात असे. घेणाऱ्याला वाटावे की हे ड्यूररचेच.

वासारी लिहितो, की हे कळताच ड्यूरर संतापून व्हेनिसला आला आणि त्याने सरकारपुढे फिर्याद मांडली. त्याला न्याय मिळाला तो इतकाच, की मार्कान्तोनियोने यापुढे ड्यूररचे नाव किंवा खूण घालू नये. वासारीच्या तपशिलात घोटाळा आहे. तो जी मालिका सांगतो ती १५११ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या नकलांवर ती खूण नाहीच. व्हेनिसच्या दप्तरात या फिर्यादीचा कागदही आजवर मिळालेला नाही. पण अशाच स्वरूपाचा एक निर्णय खात्रीने झालेला आहे. तो खुद्द न्यूरेंबर्गचा. १५१२ च्या जानेवारीत एक परका माणूस नगरसभेच्या इमारतीपाशी ड्यूररची खोटी खूण असलेली चित्रे विकत होता. नगरसभेने त्याला फर्मावले, की त्या खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर माल जप्त होईल. चित्रे विकू नकोस असे तिने सांगितले नाही.

या निर्णयातच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. त्या काळच्या न्यायाला नकलेत चोरी दिसली नाही, खोटी साक्ष दिसली. चित्र पुन्हा काढ, वीक, पण ते कोणाचे याविषयी खोटे बोलू नकोस. म्हणजे नववी आज्ञा पाळ, आठवीचे पाहिले जाईल!

ड्यूररला हे पटणे शक्य नव्हते. १५११ साली आपली पुस्तके पुन्हा काढताना त्याने शेवटी दुसऱ्याच्या श्रमाची व बुद्धीची चोरी करणाऱ्यांना कडक ताकीद छापली आणि सम्राट माक्सिमिलियनच्या सनदेचा धाक घातला. त्याला चोरीच दिसत होती. आणि त्याचेही चूक म्हणता येत नाही. बायको आणि म्हातारी आई बाजारात ही चित्रे विकत असत आणि त्यावर घर चाले. खूण पुसलेली नकल स्वस्तात विकली गेली, तर नाव शुद्ध राहील, पण घरात भाकरी कमी येईल. सत्य बोलले म्हणजे सर्व न्याय पुरा झाला असे नाही.

परंतु या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १४९४ साली तरुण ड्यूररने मान्तेन्याची दोन ताम्रचित्रे समोर ठेवून त्यांच्या बाह्यरेषा गिरवल्या आणि आतल्या छाया आपल्या रेघांनी भरल्या. ती दोन्ही रेखाटने आज व्हिएन्नाच्या आल्बेर्तिना संग्रहालयात आहेत. इटलीतील लोक शरीर कसे रेखाटतात हे तो अशा नकलांतून शिकला. मान्तेन्याला भेटण्याची त्याची फार इच्छा होती, पण १५०६ च्या सप्टेंबरात मान्तेन्या वारला आणि भेट राहून गेली. ज्याने पुढे नकल करणाऱ्यांवर आवाज उठवला, तो स्वतः नकल करूनच मोठा झाला. यात मला ढोंग दिसत नाही. त्याने ती चित्रे शिकण्यासाठी गिरवली, आपली म्हणून बाजारात नेली नाहीत. शिष्याची नकल ही गुरूला दिलेली मानवंदना असते. बाजारातली निनावी नकल तशी नसते. हात तोच, रेघ तीच, फरक हेतूचा आणि साक्षीचा.

एका पाटीवर दोन नावे

मार्कान्तोनियोची गोष्ट येथे संपली असती, तर तो केवळ एक नकल्या म्हणून राहिला असता. १५१० च्या सुमारास तो रोमला गेला आणि तेथे राफाएलशी त्याचा संबंध आला. राफाएलने चित्रे त्याला मोकळेपणाने दिली. इतकेच नव्हे, तर केवळ कोरण्यासाठी म्हणून नवी रेखाटने केली. बेथलेहेमातील बालकांच्या वधाचे चित्र अशा कामाचा उत्तम नमुना होय. राफाएलने ते भिंतीवर किंवा फळीवर रंगवलेच नाही, ते ताम्रचित्रासाठीच रचले. चित्रात एका बाजूला एक कोरलेली पाटी आहे. तीवर दोन नोंदी आहेत. हे उर्बिनोच्या राफाएलने कल्पिले ही एक, आणि मार्कान्तोनियोने हे केले असे दर्शवणारी त्याची आद्याक्षरे ही दुसरी.

वाचकहो, या पाटीचा थोडा विचार करा. व्हेनिसला जे हात परक्याची खूण कोरून लोकांना फसवीत होते, तेच हात आता पुन्हा दुसऱ्याचेच चित्र कोरीत होते. कल्पना त्यांची नव्हती, तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. पण आता पाटीवर सत्य होते. कल्पना कोणाची आणि हात कोणाचा हे दोन्ही पाहणाऱ्याला कळत होते. आणि भाकरीचा प्रश्नही परस्पर संमतीने सोडवला होता. राफाएलचा मदतनीस बाव्हिएरा पत्रे सांभाळी आणि ठसे काढून विकण्याचे पाही. आठवी आणि नववी या दोन्ही आज्ञा एकाच पत्र्यावर पाळल्या गेल्या. ज्याने मालकीसाठी करार करून तोंडे बंद केली त्या मान्तेन्याला जे साधले नाही, ते राफाएलच्या विश्वासाला साधले. त्याची कीर्ती या ताम्रचित्रांच्या पंखांवर आल्प्सपलीकडे गेली.

दुसऱ्याची कल्पना वाहून नेणाऱ्याचे काम हलके असते काय? राफाएलने 'पॅरिसचा न्याय' नावाचे एक चित्र मार्कान्तोनियोसाठी रचले होते. त्याचे मूळ रेखाटन आज उपलब्ध नाही. जे आहे ते मार्कान्तोनियोच्या ठशात. १८६३ साली फ्रेंच चित्रकार माने याने वादळ उठवलेले आपले एक चित्र रंगवताना त्या ठशाच्या कोपऱ्यातील तीन बसलेल्या आकृतींचीच मांडणी घेतली. मूळ हरवले, पण प्रामाणिक हाताने वाहून नेले म्हणून ते साडेतीनशे वर्षांनी पॅरिसपर्यंत पोहोचले.

पण वाहून नेणाऱ्यावर एक जबाबदारीही असते. १५२० साली राफाएल वारला. पुढे १५२४ च्या सुमारास त्याचा शिष्य ज्युलिओ रोमानो याने काढलेली काही अश्लील चित्रे मार्कान्तोनियोने कोरली. पोप सातवा क्लेमेंट याने त्याला तुरुंगात टाकले. चित्रे कल्पिणारा ज्युलिओ मान्तुआच्या दरबारी निघून गेला होता, आणि सापडला तो कोरणारा. वजनदार माणसांनी रदबदली केली म्हणून त्याची सुटका झाली. यात अन्याय आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्युलिओची रेखाटने एका पेटीत राहिली असती, ती गावभर गेली ती मार्कान्तोनियोच्या पत्र्यांमुळे. मी फक्त दुसऱ्याचे उतरवले, ही सबब सर्वस्वी टिकत नाही. जे मी पुन्हा सांगतो त्याला माझीही संमती असते. १५२७ साली सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले तेव्हा त्यात मार्कान्तोनियोचे सर्वस्व गेले. खंडणी भरून तो कसाबसा बोलोन्याला परतला आणि १५३४ पूर्वी केव्हा तरी निधन पावला.

ठसा आणि मूळ

आपण सारे एका अर्थी ठसे उमटवणारेच आहोत. संडे-स्कूलचा शिक्षक मुलांना जी गोष्ट सांगतो ती त्याने रचलेली नसते. प्रचारकाचे वचन त्याचे स्वतःचे नसते. आईने शिकवलेली प्रार्थना तिला तिच्या आईने दिलेली असते. आज हातातल्या मोबाइलवरून आपण दिवसाला दहा चित्रे आणि दहा सुविचार पुढे पाठवतो, आणि बोट दाबायला कोरणीइतके कष्टही पडत नाहीत. पुनरुक्तीत पाप असते तर विश्वास एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलाच नसता.

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पुत्राचे पित्याशी असलेले नाते सांगताना लेखकाने एक ग्रीक शब्द वापरला आहे, 'खारक्तेर'. कोरणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे. नाण्यावर किंवा मुद्रेवर कोरलेला आणि तिने उमटवलेला ठसा असा त्याचा अर्थ. ज्याच्याहून श्रेष्ठ कोणी नाही त्याच्यासाठी लेखकाला ठशाची उपमा कमीपणाची वाटली नाही. कारण खरा ठसा मूळ झाकत नाही, तो मूळ दाखवतो. त्याचा गौरवच यात आहे की त्याच्याकडे पाहणाऱ्याला मुळाची ओळख पटावी.

यावरून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते असे. शिकण्यासाठी, सेवेसाठी दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे. तसे घेतल्यावाचून कोणी शिकलाच नाही. पण कोणाचे ते लपवले की नववी आज्ञा मोडली. आणि त्या लपवण्याने किंवा विकण्याने दुसऱ्याची भाकरी अथवा मान आपल्या ताटात आला की आठवीही मोडली. त्या रविवारी मी कोणाचे पैसे घेतले नव्हते. परंतु आजींनी दिलेला मान माझा नव्हता, आणि तो मी खिशात घातला होता. म्हणजे दोन्ही मोडल्या. मला एकच वाक्य बोलायचे होते, "आजी, हे माझे नाही, अमक्यांच्या पुस्तकातले आहे, मलाही ते फार आवडले." त्याने उपदेशाचे तेज उणे झाले नसते. कदाचित आजींनी ते पुस्तक मागून नेले असते.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मी त्या मंडळीत पुन्हा गेलो. आजी भेटतील तर सांगायचे असे ठरवून गेलो होतो. त्या आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. तेव्हापासून मी बोलायला उभा राहतो तेव्हा, ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव आधी सांगतो. प्रथम जड वाटले. आता वाटत नाही. पाटीवर दोन नावे मावतात.